न दिसलेली आठी

काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एक तरुण मशिदीत मागे थांबला. तो शहरातील एका कॉल सेंटरमध्ये नोकरीस आहे व रजेवर घरी आला होता. संकोचत त्याने विचारले, "मौलाना, फोनवर बोलताना हसत राहा, असे आम्हाला शिकवतात. ग्राहकाला चेहरा दिसत नाही, पण हसू आवाजात उतरते म्हणे. तो अपशब्द बोलला तरी आम्ही हसायचे. मनात संताप आणि ओठांवर हसू, हा निफाक नाही का?"

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आज पदवी आणि तांत्रिक ज्ञान यांच्या जोडीला गोड बोलणे, ऐकून घेणे, मिळूनमिसळून काम करणे यांची मागणी होते. या गुणांना 'सॉफ्ट स्किल्स' असे नाव आहे आणि ते शिकवणारे वर्ग गावोगावी निघाले आहेत. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ महिलेने १९८३ साली विमानातील सेविकांच्या कामावर ग्रंथ लिहिला आणि अशा कामाला 'भावनिक श्रम' म्हटले. हमालाची पाठ जशी वेतनासाठी राबते, तशा यांच्या भावनाही राबतात. आणि त्याचाही शीण असतो. तेव्हा त्या तरुणाची अस्वस्थता निराधार नव्हती.

तरीही याला निफाक म्हणता येणार नाही. निफाक म्हणजे समोरच्याला फसवण्यासाठी अंतरंग लपवणे. राग आला असता तो गिळणे ही फसवणूक नव्हे. राग आवरणाऱ्यांची आणि लोकांना क्षमा करणाऱ्यांची पवित्र कुरआनने स्तुतीच केली आहे. इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी तर स्वभाव सरावानेच घडतो असे प्रतिपादन केले आहे. सुंदर हस्ताक्षर हवे असणारा आधी निष्णात लेखनिकाची अक्षरे प्रयासाने गिरवतो. पुढे तेच वळण त्याच्या हाताचे होऊन जाते. सद्गुणांचेही तसेच आहे. म्हणून शिकून आलेली नम्रता खोटी ठरत नाही. मात्र गोड बोलून मालाचा दोष झाकला, तर ती फसवणूक होय. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतली ओल उघड केली होती, ती याच कारणाने.

मग धोका कोठे आहे? याचे उत्तर सूरह अबस मध्ये सापडते. मक्केत कुरैशच्या प्रतिष्ठितांशी प्रेषित (स.) बोलत होते. हेतू सत्यप्रसाराचाच होता. तेवढ्यात हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (र.) काही शिकण्यासाठी आले आणि मध्येच बोलू लागले. प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. यावर अल्लाहने आपल्या लाडक्या प्रेषितांना जाणीव करून दिली. आता ध्यानात घ्यावे की हे सहाबी अंध होते. त्यांना ती आठी दिसलीच नव्हती.

वाचकहो, व्यवहारातील कौशल्य आणि इस्लामी अख्लाक यांतील अंतर येथे स्पष्ट होते. न दिसणारे हसूही कंपनीला हवे असते, कारण ते ऐकू येते आणि त्याने ग्राहक टिकतो. अल्लाहने मात्र अशा आठीची दखल घेतली, जी समोरच्याला ना दिसली, ना ऐकू आली. पुढे प्रेषित (स.) या सहाबींचा विशेष सन्मान करीत आणि मोहिमेवर जाताना अनेकदा मदीनेचा कारभार त्यांच्यावर सोपवीत.

मी त्या तरुणाला विचारले, "घरी कसा बोलतोस?" तो खाली बघू लागला. म्हणाला, "दिवसभर बोलून इतका थकतो की अम्मीने फोन केला की चिडतोच." त्याला उपदेश करण्याआधी मला माझीच आठवण झाली. जुम्याच्या नमाजनंतर विश्वस्तांशी मी हसून बोलतो. आणि पाण्याची टाकी भरायला उशीर झाला म्हणून त्याच मशिदीच्या वृद्ध खादिमावर आवाज चढवतो. माझी मृदुता तरी कोणासाठी होती?

हा हिशेब मालकांनीही मांडावा. हजरत अनस (र.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची सेवा केली, पण त्यांना कधी 'उफ' असा शब्दही ऐकावा लागला नाही. सेवकाने ग्राहकाशी मृदू असावे असा आग्रह धरणारा मालक सेवकाशीही मृदू असावयास हवा.

शेवटी त्या तरुणाला एवढेच सांगितले, "नोकरीने तुला जीभ आवरायला शिकवले आहे, ही देणगी समज. नियत सुधार. जे कंपनीसाठी करतोस, ते अल्लाहसाठी कर. आणि त्यातले थोडे अम्मीसाठी राखून ठेव." दुसऱ्या दिवशी फजरला मी खादिमचाचांची माफी मागितली. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि माझा हात हातात घेतला.

ज्यांच्याकडून आपल्याला काहीच मिळवायचे नाही, त्यांच्याशीही मृदू राहण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.