वाचवलेल्या अक्षरांचा हिशेब



अस्पष्ट लिहिणे हा नैतिक दोष आहे का? प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. प्रायश्चित्त संस्काराला येऊन 'फादर, मी ऱ्हस्व-दीर्घ चुकवले' असे कोणी सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. व्याकरणातील चूक म्हणजे पाप नव्हे. परंतु मोबाईलवरील निरनिराळ्या ग्रुपमध्ये आपण दिवसभर एकमेकांना जे लिहितो, त्याकडे थोडे थांबून पाहिले तर व्याकरणापलीकडचा एक प्रश्न दिसू लागतो. आपल्या लिहिण्याचा त्रास कोण सोसतो, हा तो प्रश्न.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, रात्री दहा वाजता एखाद्या ग्रुपवर रोमन अक्षरांत एक ओळ येते: 'दफन कल ४ ला'. त्यातला दुसरा शब्द के-ए-एल अशा तीन अक्षरांत लिहिलेला आहे. मराठी माणूस तो 'काल' असा वाचतो आणि हळहळतो, की दफनविधी होऊनही गेला आणि आपल्याला कोणी कळवले नाही. हिंदी बोलणारा शेजारी 'कल' असे वाचतो. आणि हिंदीत 'कल' म्हणजे कालचा दिवसही आणि उद्याचा दिवसही. हीच तीन अक्षरे मराठीत 'काळ' आणि 'कळ' अशीही वाचता येतात. लिहिणाऱ्याच्या मनात 'उद्या दुपारी चार वाजता' हे अगदी स्वच्छ होते. लिहिताना मात्र ते उतरले नाही. मग दुसऱ्या दिवशी जे कबरस्थानात दिसले नाहीत, त्यांना आपण नावे ठेवतो.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. रक्ताची गरज असल्याचे निरोप आपल्याला वरचेवर येतात. इंग्रजी 'ओ'नंतर एक आडवी रेघ आणि पुढे व्ही-ई ही अक्षरे. आता ती रेघ म्हणजे निगेटिव्हची खूण, की दोन अक्षरे जोडणारी साधी रेघ? ओ निगेटिव्ह रुग्णाला ओ निगेटिव्हच रक्त लागते आणि तसे दाते आपल्या देशात थोडे आहेत. त्यात निरोपात 'आज तातडीने' असे असते, पण तारीख नसते. रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी तो निरोप या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरत राहतो. आठव्यांदा तोच निरोप वाचणारा माणूस नवव्या, खऱ्या निरोपाकडेही लक्ष देत नाही. अर्धवट लिहिण्याचे मोल कधी कधी असे मोजावे लागते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

ही सवय आपल्याला कशी लागली, हे समजून घेतले तर कोणावर रागावण्याचे कारण उरत नाही. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये पाठवण्यात आला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता, आणि गंमत म्हणजे त्यातले दोन्ही शब्द पूर्ण लिहिलेले होते. पुढे एसएमएस सर्वांच्या हातात आला. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे 160 बसत. देवनागरीत लिहिले तर मर्यादा 70 वर येई, आणि अनेक हँडसेटवर देवनागरीची सोयच नव्हती. आकड्यांच्या बटणांवर 'एस' हे एक अक्षर उमटवायला सातचे बटण चार वेळा दाबावे लागे. प्रत्येक एसएमएसला पैसे पडत. तेव्हा माणसांनी स्वर गाळले, शब्द तोडले, मराठी रोमन अक्षरांत लिहिली. ती काटकसर होती आणि तिला अर्थ होता. आज अक्षरांची टंचाई उरलेली नाही, मोबाईलवर देवनागरी आहे, बोललेले लिहून देण्याची सोयही आहे. टंचाई गेली, काटकसर मात्र राहिली.

शब्द आखडून लिहिणे मुळातच वाईट, असेही मला म्हणायचे नाही. आपल्या आजोबांच्या पिढीची पत्रे काढून पाहा. 'सा. न. वि. वि.' हे त्या पत्रांचे दार होते. 'चि.', 'सौ.', 'मु. पो.', 'ता. क.' यांवाचून पत्र पुरे होत नसे. पण पाठवणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्या अक्षरांचा अर्थ सारखाच ठाऊक होता. आपल्या देशात जुलै 2013 पर्यंत तार चालू होती. तिच्यात शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे शब्द कमी वापरत. पण जो शब्द वापरायचा तो विचार करून वापरत, कारण तार उलगडली नाही तर सगळेच पैसे वाया जाणार. थोडक्यात लिहिणे वेगळे आणि अर्धवट लिहिणे वेगळे. थोडक्यात लिहिणारा वाचणाऱ्याचा विचार करून शब्द निवडतो. अर्धवट लिहिणारा आपले काम वाचणाऱ्याच्या अंगावर टाकतो.

येथेच नैतिक प्रश्न सुरू होतो. मी लिहिताना चार अक्षरे वाचवली, तर ते कष्ट नाहीसे होत नाहीत. ते माझ्याकडून वाचणाऱ्याकडे जातात. ग्रुपमध्ये दीडशे माणसे असतील, तर माझे पाच सेकंद वाचवण्यासाठी दीडशे जणांना अर्थ लावत बसावे लागते. शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याची दृष्टी, भाषा आणि सवय चांगली आहे, तो चटकन अंदाज बांधतो. अडतो तो कोण? जिला मोबाईल नातवाने शिकवला आहे ती आजी. केरळातून किंवा उत्तर प्रदेशातून येऊन आपल्या शेजारी राहिलेले कुटुंब. त्यांना मराठी येत नाही. ते आपला निरोप मोबाईलकडून भाषांतर करून घेऊन वाचतात. सरळ लिहिलेल्या वाक्याचे भाषांतर बऱ्यापैकी होते, तोडलेल्या शब्दांचे होत नाही. ज्यांना दिसत नाही आणि ज्यांचा मोबाईल त्यांना निरोप वाचून दाखवतो, त्यांच्या कानावर रोमन अक्षरांतली तुटकी मराठी इंग्रजी उच्चारांत पडते आणि तिचा काही अर्थ लागत नाही. म्हणजे सर्वांत जास्त किंमत तो मोजतो, ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे. म्हणूनच हा प्रश्न भाषेच्या वर्गातून उठून न्यायाच्या आणि शेजारधर्माच्या प्रांतात येतो.

संत पौलापुढे करिंथ येथे असाच प्रश्न होता. करिंथ हे बंदराचे शहर. तेथे नाना प्रांतांची, नाना भाषांची माणसे. तेथील श्रद्धावंतांपैकी काहीजण कोणाला न कळणाऱ्या भाषांत बोलत आणि त्याचा त्यांना अभिमान वाटे. पौलाने त्या देणगीला वाईट म्हटले नाही. त्याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात एवढेच विचारले, की रणशिंगाचा आवाज ओळखू आला नाही तर लढाईला कोण सज्ज होईल? आणि बाजूला बसलेल्या साध्या माणसाला तुमची प्रार्थना कळलीच नाही, तर तो 'आमेन' कसा म्हणेल? पौलाची नजर बोलणाऱ्यावर नव्हे, त्या बाजूला बसलेल्या माणसावर आहे. आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक माणूस असतो. तो बहुधा काही विचारत नाही. विचारले तर आपले अज्ञान दिसेल, अशी त्याला भीती वाटते.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. 'फादर, तुम्ही शुद्ध लिहा म्हणाल, तर आम्ही लिहायचेच बंद करू.' आपल्या वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा, शाळेत मराठी किंवा इंग्रजी शिकलेला, कामावर हिंदीत व्यवहार करणारा माणूस कोणत्या भाषेत शुद्ध लिहिणार? शुद्धलेखनाची छडी उगारली तर चार शिकलेली माणसेच बोलत राहतील आणि बाकीची गप्प होतील. तोही अन्यायच.

या आक्षेपाला संत अगस्तीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. धर्मसेवेत येण्यापूर्वी ते वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते, म्हणजे शुद्ध भाषा हा त्यांचा व्यवसायच होता. लॅटिनमध्ये 'ओस' हा शब्द ऱ्हस्व स्वराने उच्चारला तर 'हाड' आणि दीर्घ स्वराने उच्चारला तर 'तोंड'. उत्तर आफ्रिकेतील त्यांच्या लोकांच्या कानाला हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कळत नसे. तेव्हा अगस्तीन म्हणतात, की हाडाविषयी सांगायचे असेल तर व्याकरणात न बसणारे 'ओस्सुम' हे गावंढळ रूप खुशाल वापरा, कारण ते सर्वांना कळते. जी शुद्धता ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तिचा उपयोग काय? म्हणजे स्पष्टता आणि शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवड करायची वेळ आली तर स्पष्टता आधी. सामवेदीत लिहा, हिंदी मिसळा, 'पाणी'चे 'पानी' होऊ द्या. अगस्तीन यांनी नियम मोडला तो ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी. आपण तो कोणाच्या सोयीसाठी मोडतो, एवढेच पाहायचे.

रोमन अक्षरांचाही दोष नाही. येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्याला आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ छापला तो रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. म्हणजे रोमन अक्षरांतली मराठी मोबाईलने आणली असे नाही, ती आपल्याकडे चारशे वर्षांपासून आहे. पण त्या लेखनात 'ल' आणि 'ळ' यांची गल्लत होऊ नये म्हणून 'ळ'साठी एल हे अक्षर दोनदा लिहिलेले आढळते. परदेशातून आलेल्या माणसाने एक जादा अक्षर खर्च केले, ते वाचणारा अडू नये म्हणून. 'काल' आणि 'काळ' यांतला गोंधळ एका अक्षराने मिटतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. लिहिणाऱ्याचे जसे कर्तव्य आहे, तसेच वाचणाऱ्याचेही आहे. 'पैसे दिले नाहीत' एवढीच ओळ प्रश्नचिन्हाशिवाय आली, तर ती विचारणा आहे, माहिती आहे की आरोप? आपण बहुधा आरोपच धरतो, आणि संध्याकाळपर्यंत दोन घरांत अबोला सुरू होतो. सगळी मोठी इंग्रजी अक्षरे पाहून कोणी ओरडत आहे असे वाटते. कदाचित त्या काकांना अक्षरे लहान कशी करायची हे ठाऊक नसेल. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे, की शेजाऱ्याच्या बोलण्याचा होईल तेवढा चांगला अर्थ घ्यायला तयार असावे. तसा लागत नसेल, तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे. आणि तो चुकत असेल, तर प्रेमाने समजवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. मोबाईलवर आपण तो नेमका उलटा करतो: आधी सुनावतो, मग विचारतो, आणि चांगला अर्थ भांडण झाल्यावर शोधतो. लिहिताना स्वतःशी कडक आणि वाचताना दुसऱ्याशी उदार, असे वागलो तर बरेचसे तंटे सुरूच होणार नाहीत.

शोकसंदेशांविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. कोणाच्या निधनाची बातमी आली की तिच्याखाली आर-आय-पी या तीन अक्षरांची रांग लागते. ही अक्षरे मूळची लॅटिन आहेत. मृत व्यक्तीला शांती लाभो, अशी ती प्रार्थना आहे आणि ती मनापासून केली तर तीन अक्षरांतही पुरते. परंतु ज्या घरातले माणूस गेले, तेथली मुलगी चार दिवसांनी मोबाईल हातात घेऊन ती सगळी रांग वाचते. 'तुझ्या आईने माझ्या आजारपणात आठ दिवस पेज आणून दिली होती' असे एक वाक्य त्या रांगेत असेल, तर ती तेथे थांबते. ते वाक्य अशुद्ध असले तरी तिला चालते. त्याला जास्तीचा अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट कोणीतरी आपल्यासाठी दिला, हेच तिला कळलेले असते.

तेव्हा या आठवड्यापासून काही साध्या गोष्टी करून पाहू. कार्यक्रम किंवा दफनविधी कळवताना वार, तारीख, आणि सकाळ की संध्याकाळ, हे लिहू. स्थळाचे नाव पूर्ण देऊ. रक्तगट अक्षरांत लिहू, 'ओ निगेटिव्ह' असा. सोबत तारीख आणि विचारणा करण्यासाठी फोन नंबर देऊ, आणि गरज भागल्यावर 'आता गरज नाही' असेही कळवू. ज्या ग्रुपमध्ये मराठी न येणारी माणसे आहेत, तेथे महत्त्वाची बातमी हिंदीत किंवा इंग्रजीतही देऊ. ज्याला चांगले येते त्याने हे काम अंगावर घ्यावे. ज्याला लिहिणे जमत नाही, त्याने बोलून पाठवावे, फक्त मुख्य गोष्ट आधी सांगावी. आणि कोणी 'मला कळले नाही' म्हटले, तर त्याला हसू नये. त्याने बहुधा आणखी दहाजणांच्या मनातला प्रश्न विचारलेला असतो.

निरोप पाठवण्यापूर्वी तो एकदा वाचून पाहावा. पण आपल्या डोळ्यांनी नव्हे. ग्रुपमध्ये ज्याला तो समजायला सर्वांत अवघड जाईल, त्याच्या डोळ्यांनी.

आपला,
धर्मगुरू