नहपानाचं नाक

पेढी नदीकाठच्या वलगावात आमचं घर आहे. तिथे लक्ष्मीपूजनाच्या ताटात पाच राणीछाप रुपये असतात. साल १८६२, मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, गालावर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू. यंदा काकांनी विचारलं, "इंग्रजाच्या राणीले काहून पुजाचं आता? आटवून लक्ष्मीची मूर्ती करू."

आजी म्हणाली, "राणीले कोन पुजते बाप्पा? माह्या मायनं देल्ले हायेत ते."

मग दोघंही माझ्याकडे पाहू लागली. घरातला इंजिनिअर, त्यामुळे निकाल माझ्यावर. मला मात्र दोघांचंही पटत होतं.

नाणं म्हणजे सत्तेची सर्वांत लहान पाटी. ग्रीकांना हे फार आधी कळलं होतं. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे तिचं घुबड. सैन्य पोचणार नाही तिथे हे घुबड व्यापाऱ्याच्या कनवटीला बसून पोचायचं. अलेक्झांडरनंतर ग्रीक नाण्यांवर राजांचे चेहरे आले, आणि इंडो-ग्रीक राजांमार्फत ती पद्धत आपल्याकडे रुजली. पश्चिम महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या क्षहरात घराण्यातल्या नहपानाने तीच उचलली: एका बाजूला स्वतःचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. गंमत म्हणजे लिपी ग्रीक असली तरी तिच्यात लिहिलेली भाषा प्राकृत आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारं उज्जैन चिन्ह.

त्याने नाणी आटवली का नाहीत? एक कारण सरळ आहे: पुन्हा ठसा मारणं स्वस्त पडतं. पण मला दुसरंही दिसतं. नाणं आटवलं, तर कोणाला हरवलं ते लोकांना दिसणार कसं?

त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात लेख कोरवला. तो म्हणतो, माझ्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला. पण हातोड्याखाली जुना ठसा पूर्ण सपाट होत नाही. कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कमानींमधून नहपानाचं नाक डोकावतं, कडेला दोन-चार ग्रीक अक्षरं उरतात. दगड म्हणतो काही उरलं नाही, चांदी म्हणते उरलंय. माझा विश्वास चांदीवर आहे.

हे मी शहाणपणाने म्हणत नाही. गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचं मॉड्यूल मी नव्याने लिहिलं. फाइलच्या माथ्यावरचं त्याचं नाव काढलं, माझं टाकलं. आतलं अर्धं लॉजिक त्याचंच होतं. मीटिंगमध्ये कौतुक झालं तेव्हा मी गप्प बसलो. कोणाचा रुपया बुडाला नाही. तरी ते खोटंच होतं, आणि जातकुळी लेण्यातल्या त्या लेखाचीच.

नव्या धन्याला स्वतःचा ठसा मारायचा हक्क आहे, असं मला वाटतं. आपल्याआधी इथे कोणी नव्हतंच, असं म्हणायचा हक्क नाही. काकांना राणी खुपते, ते खरंच आहे. पण नाणी आटवून गुलामी मिटत नाही, फक्त तिचा पुरावा मिटतो. आणि आजीने तर ठसा कधीच बदललाय. दरवर्षी हळदीचं बोट लावून तिने राणीच्या रुपयावर स्वतःच्या आईचं नाव चढवलंय. राणी खाली दिसते, दिसू दे.

मी काकांना म्हटलं, "मूर्ती करू, पण चांदी नवी घेऊ. पैसे मी देतो."

काका पटल्यासारखे दिसले नाहीत. "पाहू," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर कामावर गेल्यावर ती फाइल उघडली. त्याचं नाव परत वर टाकलं, माझं त्याखाली.