पात्रतेची अट आणि न्यायाचा प्रश्न

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूला संघातून खेळायचे, तर अभ्यासातही किमान पात्रता सिद्ध करावी लागते. ही अट नेमकी कोणाच्या भल्यासाठी, हा न्यायाचा प्रश्न आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कांट सांगतो. ज्याच्या खेळावर विद्यापीठ पैसा आणि नाव कमावते, त्या मुलाच्या पदरी शिक्षणच पडले नाही, तर तो निव्वळ साधन ठरतो. डेक्स्टर मॅनली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षे अमेरिकन फुटबॉल खेळला. तेव्हा आपल्याला धड वाचताही येत नव्हते, असे त्याने १९८९ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले.

‘एनसीएए’ या राष्ट्रीय क्रीडा संघटनेने १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ संमत केले आणि ते १९८६ पासून लागू झाले. शाळेतल्या अकरा मुख्य अभ्यासक्रमांत चारपैकी २.० सरासरी आणि ‘सॅट’ या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० गुण नसतील, तर पहिले वर्ष मैदानाबाहेर. याची सर्वाधिक झळ कृष्णवर्णीय मुलांना बसली. तरीही कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनी नियमाची बाजू घेतली: या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच त्यांचा अपमान. १९८९ च्या ‘प्रपोझिशन ४२’ने तर अशा मुलांची शिष्यवृत्तीही बंद करायचे ठरवले. तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून १४ जानेवारीला बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्याआधीच मैदान सोडून निघून गेले. त्यांचा मुद्दा एडवर्ड्स यांच्यापेक्षा वजनदार आहे. शाळेने शिकवले नाही, हा दोष शाळेचा. त्याची शिक्षा मात्र मुलाला, आणि तीही शिकण्याची वाटच अडवून. अखेर जानेवारी २०२३ मध्ये प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट रद्द झाली. सोळा अभ्यासक्रम आणि २.३ सरासरी ही अट कायम आहे.

प्रवेशानंतरची अट अधिक न्याय्य वाटते: दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के, चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के पूर्ण हवा. खेळाडू मागे पडत राहिले, तर संघावरही कारवाई होते. म्हणजे विद्यापीठालाही जबाबदारी झटकता येत नाही. पण टक्के भरले म्हणजे शिक्षण झाले, असे नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात असे वर्ग चालले, की तास नाहीत, प्राध्यापक नाहीत, फक्त एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले. त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. हे वर्ग सर्वांसाठी खुले होते, म्हणून २०१७ मध्ये संघटनेला त्यात नियमभंग ठरवता आला नाही.