मुलांना मागे ठेवून

मुले लहान असताना त्यांना आजी-आजोबांच्या स्वाधीन करून पती-पत्नीने केवळ विश्रांतीसाठी परदेशी जावे की नाही, हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीला पडला नसता. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर परिसरातील आपल्या कुटुंबांना प्रवास ठाऊक होता तो पोटासाठी, लग्नकार्यासाठी, नाहीतर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेसाठी. आणि त्या साऱ्या प्रवासांत मुले कडेवर असत. आज त्याच घरांतील शिक्षक, परिचारिका, बँकेतील नोकरदार पाच दिवस सिंगापूरला जाऊन येतात. प्रश्न नवा आहे, एवढ्यावरून तो क्षुल्लक ठरत नाही.

यावर दोन निवाडे तयारच असतात. एक म्हणतो, लेकरांना टाकून यांच्या घशाखाली घास तरी कसा उतरतो? दुसरा म्हणतो, आयुष्य एकदाच मिळते. पहिला निवाडा बहुधा आईलाच ऐकवला जातो. बाप कामानिमित्त महिनाभर दुबईला राहिला तरी त्याचे कौतुक होते. दुसऱ्या निवाड्यात मुलांचा विचारच नाही. दोन्ही आम्हांला उथळ वाटतात.

विवाह कशासाठी, याचे उत्तरही एकसारखे राहिलेले नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ सालच्या कायदेसंहितेने अपत्यांचा जन्म व संगोपन हा विवाहाचा प्राथमिक हेतू मानला होता आणि पती-पत्नींचे परस्परसाहाय्य दुय्यम ठरवले होते. १९८३ च्या संहितेतील १०५५ व्या कलमात ही उतरंड उरली नाही. तेथे दांपत्याचे हित आणि अपत्यांचा जन्म व संगोपन ही दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत. किंबहुना दांपत्याच्या हिताचा उल्लेख आधी येतो. याचा अर्थ सहलीला परवानगी मिळाली असा कोणी काढू नये. मात्र पती-पत्नींनी एकमेकांना वेळ देणे म्हणजे मुलांच्या वाट्यातून केलेली चोरी, हे म्हणणे आता टिकत नाही.

आम्ही उभयतांनी विवाहाच्या बाराव्या वर्षी असा प्रवास केला. काकडीला शिर्डीचा विमानतळ २०१७ साली झाला खरा, पण सिंगापूरला जाण्यासाठी आम्ही मुंबई गाठायचे ठरवले. पहाटे निघालो, नगरवरून पुण्याला आलो, पुढे द्रुतगती मार्ग. रात्रीच्या विमानासाठी सारा दिवस रस्त्यावर गेला. खंडाळ्यापर्यंत आमचे बोलणे मुलांविषयीच होते: धाकट्याची खोकल्याची बाटली फडताळात कुठे आहे, थोरलीच्या शाळेची बस चुकली तर कोण सोडील. ते विषय संपल्यावर गाडीत शांतता पसरली. ती अवघडलेली शांतता होती. एका घराचे दोन कारभारी कामाचा हिशेब मिटवून समोरासमोर बसले होते आणि पुढे काय बोलावे हे दोघांनाही सुचत नव्हते. पासपोर्टवर शिक्का पडल्यावर, विमानाची वाट पाहताना, एकाने दुसऱ्याला त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाविषयी विचारले. त्या मृत्यूला चार वर्षे झाली होती. चार वर्षांत घरात त्या बोलण्याला निवांत संध्याकाळ मिळाली नव्हती. सिंगापूरला आम्ही काय पाहिले ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. आमच्या दृष्टीने प्रवासाचे सार्थक निघण्यापूर्वीच झाले होते.

तथापि मुलांच्या बाजूनेही प्रश्न पाहिला पाहिजे. निघून जाणे आणि टाकून जाणे यांत अंतर आहे, आणि ते किलोमीटरांत मोजता येत नाही. लूककृत शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ वल्हांडण सणाहून परतताना एक दिवसाची वाट चालून जातात. बारा वर्षांचा येशू नातलगांच्या मेळ्यात असेल असे ते गृहीत धरतात. तो तेथे नसतो. जगातील सर्वांत दक्ष आईबापही गृहीत धरतात, हे लूक लपवत नाही. गृहीत न धरता मुलाला सांगणे, कोणाजवळ राहशील, कोणत्या दिवशी आम्ही परत येऊ, हे आम्हांला पहिले कर्तव्य वाटते. चार वर्षांच्या मुलाला 'पाच दिवस' समजत नाहीत. त्याला कॅलेंडरवरील पाच चौकोन समजतात, आणि ते रोज एक खोडता येतात.

आणखी एक गोष्ट अशुभ मानून टाळली जाते. दोघेही एकाच विमानात बसतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान कोसळले आणि त्यातील २४२ जणांपैकी २४१ जण गेले, त्यानंतर अनेक घरांत हा विषय दबक्या आवाजात निघाला. दोघांनी वेगवेगळ्या विमानांनी जावे, हा उपाय आम्हांला पटत नाही. त्याच दोघांना आपण रोज एका मोटारीतून घाटरस्त्याने नेतो. मृत्युपत्र करणे मात्र शक्य असते. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे ६० वे कलम पित्याला मृत्युपत्राद्वारे अज्ञान मुलांसाठी पालक नेमण्याचा अधिकार देते. त्या कलमात मातेचे नाव नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. असो. परकीय चलनाची व्यवस्था आठवडाभर आधी करणारे आपण हा कागद मात्र करत नाही.

पण या व्यवहारात ज्या व्यक्तीचा विचार सर्वांत कमी होतो ती आजी. 'आई, तुम्हांला जमेल ना?' असे सून विचारते, तेव्हा तिकिटे काढून झालेली असतात. नाही म्हणण्याची सोय नसलेल्या माणसाचे 'हो' कितपत खरे मानायचे? जिने स्वतः आयुष्यात हरेगाव आणि फार तर मुंबईची मोतमाउली पाहिली, तिने गुडघे दुखत असताना पाच दिवस दोन नातवंडे सांभाळायची आणि बदल्यात चॉकलेटचा डबा घ्यायचा. सहलीत अन्याय झालाच, तर आमच्या मते तो मुलांवर क्वचित होतो, आजीवर अधिक.

आणि मुलांना मागे ठेवून निघणारी दांपत्ये आपल्या जिल्ह्यात काही आजची नाहीत. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडून आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून ती ऊसतोडीला निघतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर, म्हणून दोघांपैकी एकाला मुलांसाठी मागे राहता येत नाही. मुले फडावर न्यावीत तर शाळा बुडते, गावी ठेवावीत तर सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात. हंगामी वसतिगृहे निघाली, शासनाने योजनाही आखल्या; तरी गळीत हंगाम कधी संपेल ते उसावर अवलंबून, तेव्हा कॅलेंडरवर चौकोन आखून देण्याचीही सोय नाही. या दांपत्यांना कोणी बेजबाबदार म्हणत नाही. 'बिचारे' म्हणून विषय संपवतात. नैतिकतेची सारी चर्चा पाच दिवसांच्या सहलीवर होते आणि सहा महिन्यांच्या ताटातुटीतून आलेली साखर आपल्या चहात रोज विरघळते.

आमच्या भागात कारखान्याच्या आसपास या मंडळींच्या कोप्या पडतात. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर चुलीपाशी बसून मोबाईलवर गावाकडच्या मुलांशी बोलणारी बाई तेथे दिसते. फोन लागल्यावर ती आधी विचारते ते 'जेवलात का?' सिंगापूरहून पहिल्या रात्री आम्हीही तेच विचारले होते.