माउस त्यांच्याच हातात

आजोबा मोबाइल पुढे करतात, ‘हे जरा बघ गो’ म्हणतात. नात क्षणात काम उरकून मोबाइल परत देते. काम झालं, आजोबा मात्र होते तिथेच. पुढच्या खेपेला ते आणखी लवकर हात टेकतात.

ज्येष्ठांना संगणक शिकवायचा तर माउस शिकणाऱ्याच्या हातात आणि शिकवणाऱ्याचे हात स्वतःच्या मांडीवर, एवढं तरी पाळावं. जड जातं ते शिकवणाऱ्यालाच. डबल क्लिकच्या दोन टिचक्यांमध्ये सत्तरीतला हात किंचित सरकतो आणि फाइल उघडायच्या ऐवजी जागची हलते. टचस्क्रीनवर बोट जरा रेंगाळलं की फोनला ते दाबून धरल्यासारखं वाटतं, भलताच मेनू उघडतो. कोरड्या बोटाची तर पडदा कधीकधी दखलच घेत नाही. यात बुद्धीचा संबंध कुठे आला? डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, स्पर्शाचा अवधी वाढवता येतो, अक्षरं मोठी करता येतात. सेटिंगमधल्या या सोयी आपण करून देत नाही आणि ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो.

सरावाला पत्ते उत्तम. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला, तो लोकांचा माउसवर हात बसावा म्हणूनही, असं सांगतात. दुपारी ओटीवर पत्ते कुटलेल्या पिढीला आणखी काय हवं!

रत्नागिरीत हे सारं जास्त टोचतं. मुलं मुंबई-पुण्याला, घरात दोघंच म्हातारी. पूर्वी मनीऑर्डर घेऊन पोस्टमन दारात यायचा. आता पैसे खात्यात येतात, आणि ते आले का हे पाहायला शेजारचा मुलगा गाठावा लागतो. पासवर्ड त्याला ठाऊक, ओटीपीही त्यालाच वाचून दाखवायचा. उद्या एखाद्या भामट्याचा फोन आला आणि काकूंनी ओटीपी सांगून टाकला, तर ती सवय लावली कोणी?

निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’वर डिजिटल मिळतो. झिजलेले ठसे जुळत नाहीत म्हणून अडणाऱ्यांना २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो काढता येतो. घरबसल्या, पण ज्याला येतं त्यालाच.

सरकारचंही गणित चुकलंच. २०१७ च्या पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयाची अट होती १४ ते ६०. ज्यांना सर्वांत जास्त गरज, ते दाराबाहेर. केरळने ही मर्यादा मानली नाही, नव्वदीपुढच्यांनाही शिकवलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. जाहीर करण्यातला सरकारी उत्साह वजा केला, तरी वयाचं कुंपण काढलं ही गोष्ट खरी.

आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत नको. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, आणि तालुक्यांच्या गावांतूनही वाचनालयं आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. तिथे एक टेबल, दोन संगणक आणि आठवड्यातून एकदा येणारी कॉलेजची चार मुलं पुरतील. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तेव्हा वर्ग गणपतीनंतर लगेच सुरू करा. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: काकांनी कितीही वेळ लावला, तरी त्यांच्या माउसला हात लावायचा नाही.