उघडणें आणि उलगडणें

मनुष्याच्या हातीं एखादें नवें साधन आलें म्हणजे त्याच्या सोयीचा विचार तो तत्काळ करतो. त्या साधनानें आपल्यावर कोणतें नवें कर्तव्य येऊन पडलें याचा विचार मात्र बहुधा मागाहून होतो, आणि कित्येकदां होतच नाहीं. संगणकावरील अपरिचित जातींच्या फाइली उघडून दाखविणाऱ्या ज्या आज्ञावली आज सर्वत्र मिळतात, त्यांच्यासंबंधानें असेंच झालें आहे. परगांवीं असलेल्या मुलानें पाठविलेला घराचा नकाशा, वकिलाकडून आलेला मसुदा, वडिलांनीं पंचवीस वर्षांपूर्वीं टंकलिखित करून तबकडीवर जपून ठेवलेलें लिखाण, यांपैकीं कांहीं उघडेनासें झालें कीं आपण ‘युनिव्हर्सल फाईल व्ह्यूअर’चा आश्रय करतों. नाना जातींच्या फाइली तो एकटाच दाखवितो, म्हणून त्यास आपण येथें ‘सर्वदर्शक’ म्हणूं. प्रश्न असा कीं, एखादी वस्तु उघडतां येऊं लागली म्हणजे ती आपणांस कळली काय? आणि उघडतां येते एवढ्याचमुळें ती उघडण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो काय?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांस त्याचा परिचय फार पूर्वींपासून आहे. माळ्यावरच्या पेटींत रुमालांत बांधलेलीं दप्तरें असतात. कागद शाबूत, शाई ठळक, भाषाहि आपलीच. परंतु लिपि मोडी. विसाव्या शतकांत ही लिपि सरकारी व्यवहारांतून व शाळांतून मागें पडली, आणि पणजोबांनीं सहज लिहिलेलें पत्र पणतूस परक्या देशांतील वाटूं लागलें. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळें केवळ अक्षरें ओळखून भागत नाहीं, लिहिणाऱ्याचा व्यवहार व त्या काळचे प्रघातहि ठाऊक असावे लागतात. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ सालापासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें पटवर्धनी दप्तरांतील पत्रें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांनीं नुसतें मोडीचें बालबोध केलें नाहीं. पत्रें कालानुक्रमानें लावलीं आणि त्यांच्या मागचा प्रसंग वाचकांस समजावून दिला. दप्तर उघडणारे हात पुष्कळ असतील. तें उलगडणारा एखादाच निघतो.

आतां सर्वदर्शक काय करतो तें पाहूं. संगणकांतील कोणतीहि फाईल म्हणजे शेवटीं ० ते २५५ पर्यंतच्या अंकांची एक लांबलचक ओळ असते. फाइलीच्या नांवापुढें टिंब देऊन जीं तीनचार अक्षरें लिहिलेलीं असतात, तीं केवळ पाकिटावरील पत्त्यासारखीं होत. तीं बदललीं म्हणून आंतला मजकूर बदलत नाहीं. खरी ओळख बहुधा ओळीच्या आरंभींच्या अंकांत असते. ‘जेपेग’ जातीचें छायाचित्र २५५ व २१६ या दोन अंकांनीं सुरू होतें. ‘झिप’ जातीच्या गाठोड्याच्या आरंभीं ‘पी’ व ‘के’ हीं अक्षरें येतात. तीं त्या पद्धतीचा जनक फिल कॅट्झ याच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. आजकालची ‘डॉक्स’ फाईलहि वस्तुतः असें झिपचें गाठोडेंच असतें. चांगला सर्वदर्शक वरच्या नांवावर विसंबून न राहतां आंतील खूण तपासतो आणि मग तें दाखविण्याची रीति ठरवितो.

यांत नीतीचा एक पाठ आहे असें मला वाटतें. २००० सालच्या मे महिन्यांत प्रेमपत्राचें नांव धारण केलेली एक फाईल टपालांतून जगभर पसरली. नांवाच्या मध्यें साध्या मजकुराची खूण होती, परंतु अगदीं शेवटची खरी खूण संगणक सामान्यतः लपवून ठेवीत असे. लाखों लोकांनीं ती पत्र समजून उघडली; ती निघाली आज्ञांची यादी, आणि संगणकानें त्या आज्ञा निमूटपणें पाळल्या. फसलेले लोक मूर्ख होते असें नाहीं. पाहणें आणि आज्ञा पाळणें या दोन क्रिया त्यांच्या यंत्रानें एक करून टाकिल्या होत्या. सर्वदर्शकाचा खरा गुण हाच कीं, तो या दोन क्रिया वेगळ्या ठेवूं पाहतो: फाइलींत काय आहे तें दाखवावें, तिनें सांगितलेलें करूं मात्र नये. अपरिचित मत, अपरिचित ग्रंथ किंवा अपरिचित मनुष्य समोर आला असतां सुशिक्षिताची वृत्ति याहून निराळी असावी काय? भिऊन दार लावणें हा एक दोष, आणि ऐकतांक्षणींच शरण जाणें हा दुसरा. दोहोंच्या मध्यें शांतपणें पाहण्याची एक जागा आहे, आणि ती अभ्यासानेंच लाभते.

तथापि पाहणें म्हणजे समजणें नव्हे. मोडी कागदाचें छायाचित्र सर्वदर्शकापुढें ठेवा. तो तें निर्दोष दाखवील, आणि वाचणारा पूर्वींइतकाच अनभिज्ञ राहील. याहून चमत्कारिक स्थिति आपल्या अलीकडच्या लिखाणाची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी टंकलेखनासाठीं जे टंक वापरले जात, त्यांपैकीं पुष्कळांत इंग्रजी अक्षरांच्या अंकांवरच देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो विशिष्ट टंक संगणकावर नसेल तर फाईल उघडते, पण दिसतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा. दोनशें वर्षांपूर्वींचें मोडी पत्र जाणकाराकडून वाचून घेतां येतें, आणि पंचवीस वर्षांपूर्वीं टंकलेला कथासंग्रह लेखकाच्याच नातवास अगम्य होतो. याला प्रगति म्हणावें कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें.

या अगम्यतेची किंमत केवळ जिज्ञासूसच द्यावी लागते असें नाहीं. ज्यास स्वतःचा कागद वाचतां येत नाहीं, त्याचा हक्क दुसऱ्याच्या जिभेवर टांगलेला असतो. जमिनीच्या वाटणीचा मोडी कागद घेऊन जाणकाराच्या दारीं जाणाऱ्या शेतकऱ्यास तो सांगेल तेंच खरें मानावें लागतें. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, तेव्हां जुन्या नोंदींपैकीं कित्येक मोडींत असल्यामुळें मोडीवाचकांची निकड सर्वांच्या ध्यानांत आली. त्या वादाची कोणतीहि बाजू कोणी घेवो. एवढें खरें कीं, ज्या लिपीस आपण कालबाह्य म्हणून निरोप दिला होता, तिच्यावर हजारों कुटुंबांचे डोळे लागून राहिले. संगणकाच्या बाबतींत हाच धोका नवें रूप घेऊन येतो. फाईल उघडेना म्हणून आपण ती इंटरनेटवरील एखाद्या अनोळखी सर्वदर्शकाकडे पाठवितों. आपल्या संगणकावरच चालणारा दर्शक वेगळा, आणि फाईल आपल्याकडे मागून घेणारा वेगळा. दुसऱ्याच्या बाबतींत आपण आपलें पाकीट परक्याच्या हातीं देऊन ‘यांत काय आहे तें सांगा’ म्हणत असतों. तो त्याची नक्कल ठेवतो कीं नाहीं, हें आपणांस दिसत नाहीं.

येथें अधिकाराचा प्रश्न येतो. वृद्ध आप्त निवर्तल्यावर त्यांच्या संगणकांत अनोळखी नांवांच्या फाइली सांपडतात. सर्वदर्शक त्या एका क्षणांत उघडील, उघडाव्या काय? कोणी म्हणेल, पटवर्धनांच्या छावणींतून पत्रें लिहिणाऱ्यांनीं तरी शतकानंतरच्या वाचकास कोठें संमति दिली होती? आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. मला वाटतें, निवाडा असा करावा: ज्या कागदावर कोणाचा हक्क, कोणाचें ऋण किंवा समाजाची स्मृति अवलंबून आहे तो उघडणें हें कर्तव्य, ज्याच्यावर केवळ आपलें कुतूहल अवलंबून आहे तो कांहीं काळ मिटलेला राहिला तर कोणाचें नुकसान होत नाहीं. काळ जसा लोटतो तसें खासगी दुःख निवतें आणि तेंच पत्र इतिहासाचें साधन बनतें. खरेशास्त्र्यांच्या हातीं पत्रें आलीं तेव्हां तीं लिहिणारे व वाचणारे दोघेहि इहलोक सोडून गेले होते. काल निवर्तलेल्या मावशीच्या रोजनिशीस तो न्याय लावणें घाईचें होय.

परंतु मोठी जबाबदारी उघडणाऱ्याची नसून ठेवणाऱ्याची आहे. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक दत्तात्रेय बळवंत पारसनीस १९२६ सालीं वारले. त्यांचा संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला, आणि म्हणूनच तो पुढील अभ्यासकांच्या उपयोगीं पडला. वस्तु टिकणें, ती सांपडणें आणि ती समजणें या तीन वेगळ्या गोष्टी असून तिहींचीहि तजवीज आधीं करावी लागते. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलींत शिरून घरोघरच्या पुस्तकांचा व कागदांचा चिखल झाला. तेव्हां संगणकावरील नक्कल किती मोलाची असते हें पटलें. पण जी नक्कल एकाच कंपनीच्या आज्ञावलींतून उघडते, तिचें आयुष्य त्या कंपनीच्या मर्जीइतकें. म्हणून ज्यांची रचना सर्वांस जाहीर आहे अशाच जाती पसंत कराव्या. पीडीएफची घडण २००८ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध आहे. युनिकोडांत देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. तेथें ‘क’ चा अंक २३२५, मग टंक कोणताहि असो. मोडीलाहि २०१४ सालीं तेथें जागा मिळाली.

घरोघरीं करण्याजोगें काम यावरून निघतें, आणि तें कठीण नाहीं. जुन्या टंकांतील लिखाण, तें लिहिणारे हयात आहेत तोंच, युनिकोडांत आणून त्यांच्याकडून तपासून घ्यावें. दप्तराचीं छायाचित्रें काढावीं, आणि प्रत्येकाबरोबर साध्या मराठींत चार ओळी ठेवाव्या: हें काय आहे, कोणाचें आहे, केव्हांचें आहे, आणि कोणीं वाचूं नये असें कांहीं असल्यास तेंहि. घरांतील एका तरी मुलास मोडी शिकवावी. सर्वदर्शक हा सोयीचा सोबती आहे. पण आपण मागें ठेवलेल्या कागदांसाठीं पुढच्या पिढीस त्याची याचना करावी लागूं नये, इतकी काळजी आजच घेणें आपल्या हातीं आहे.