श्रद्धेच्या घरात पूर्वपक्ष

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी आरती झाल्यावर बडोद्याच्या आपल्या एका गुरुभगिनीने बाजूला घेऊन एक अडचण सांगितली. त्यांची मुलगी तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. प्रबंधाचा विषय घेतलाय, ‘अद्वैत आणि नीती’. पहिलं प्रकरण आजोबांनी वाचलं आणि दोन दिवस ते नातीशी बोललेच नाहीत. बारा पानं भरून तिने लिहिलं होतं की जग मिथ्या असेल तर चोरीही मिथ्या आणि दानही मिथ्या; मग चांगलं वागायचं कशासाठी? आजोबा म्हणाले, “तीन पिढ्यांची उपासना आहे या घरात. इथे बसून हे लिहायचं?”

ताईंचा प्रश्न एवढाच होता: यात गुरुद्रोह होतो का हो?

मला वाटतं, होत नाही. का, ते सांगतो.

आपल्याकडे शास्त्रविचाराची जुनी रीत आहे. एका अधिकरणाची पाच अंगं असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. म्हणजे संशयाला आणि विरोधकाला सिद्धान्ताच्या आधी पाट मांडलेला आहे! शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्य, वैशेषिक, बौद्ध यांचं म्हणणं आधी मांडलं, मग त्याला उत्तर दिलं. १४ व्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा वेदान्ती परंपरेतला ग्रंथ, पण त्याची सुरुवात होते चार्वाकापासून. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज जवळजवळ उरलेले नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते मुख्यतः विरोधकांच्या लेखणीतून. दुसऱ्याचं मत लिहिणं ही केवढी जबाबदारी आहे, ते यावरून ध्यानात यावं.

या मुलीचा विषयही काही नवा नाही. डॉ. राधाकृष्णन मद्रास ख्रिश्चन कॉलेजात एम.ए. करत होते, तेव्हा वेदान्तात नीतीला जागाच नाही अशी टीका ख्रिस्ती अभ्यासक करत. तरुण राधाकृष्णनांना ती फार लागली. पण त्यांनी कान झाकले नाहीत. तोच आक्षेप घेऊन त्यांनी वेदान्तातल्या नीतीवर एम.ए.चा प्रबंध लिहिला. १९०८ मध्ये तो छापून आला, तेव्हा त्यांचं वय अवघं २० होतं. त्यांचे प्राध्यापक ए. जी. हॉग स्वतः ख्रिस्ती मिशनरी. आपलं लिखाण वाचून सर रागावतील अशी त्यांना धास्ती होती. सरांनी मात्र कौतुकच केलं. मतं वेगळी असूनही कामातला प्रामाणिकपणा त्यांना दिसला.

आता समजा, आजोबांना बरं वाटावं म्हणून या मुलीने तो आक्षेप दोन मिळमिळीत ओळींत उरकला असता आणि पुढे पन्नास पानं विजयाचे नगारे वाजवले असते. मार्क कदाचित मिळालेही असते. पण ती बुजगावण्याशी केलेली कुस्ती झाली असती. समोरच्याचं म्हणणं मुद्दाम लुळं करून मांडणं हेही असत्यच आहे, आणि सत्याची उपासना असत्याने कशी करणार? हे घरातल्या भांडणालाही लागू आहे. सुनेचं म्हणणं सासूला आणि मुलाचं बापाला जसंच्या तसं सांगता आलं, तर निम्मी भांडणं तिथेच निवतील.

त्या मुलीशी मी फोनवर बोललो. साधनचतुष्टयाची आठवण करून दिली. ब्रह्मजिज्ञासेच्या आधी आचार्य विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व मागतात. म्हणजे मन आवरणं, इंद्रियं आवरणं हे दाराशीच लागतं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, पण ही तर ज्ञानाआधीची अट झाली. ज्ञान झाल्यावर काय? आणि शेवटपर्यंत पटेल असं उत्तर मला सापडलंच नाही तर?”

मी गप्प झालो. खरं सांगतो, लगेच उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, “तर तसंच लिही, बाळ. ‘इथपर्यंत मला कळलं, इथून पुढे नाही’ असं लिही. न कळलेलं कळल्यासारखं लिहू नकोस.”

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपण नमस्कार करतो, सेवाही करतो. मधला परिप्रश्न तेवढा सोडून देतो. घरातलं एखादं लेकरू तो करत असेल, तर ते आपल्या वाटणीचंही काम करतं आहे.

काल ताईंचा निरोप आला. आजोबांनी ती बारा पानं पुन्हा मागून घेतली. वाचून म्हणाले, “यात एक शंका राहिली आहे. मला चाळीस वर्षं छळते आहे, पण कधी कुणाला विचारली नाही.” आता रोज रात्री जेवण झाल्यावर दोघं बसतात.

आपल्या घरातही अशी एखादी न विचारलेली शंका असेल. येत्या गुरुवारी ती घेऊन या. 🙏

॥ शुभं भवतु ॥